‘क्रेडिट’ : एका व्यापारी शब्दाचे अर्थ, उपयोग आणि मराठी पर्याय

इंग्रजी व्यापारी व्यवहारातून मराठीत आलेल्या शब्दांपैकी ‘क्रेडिट’ हा शब्द वरवर पाहता अत्यंत सुबोध वाटतो. पगार बँकेत पोहोचला म्हणजे तो ‘क्रेडिट झाला’ असे कर्मचारी म्हणतो. पैसे न घेता माल दिला म्हणजे तो ‘क्रेडिटवर दिला’ असे व्यापारी म्हणतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी एका विषयाचे चार ‘क्रेडिट’ मिळवितो आणि एखाद्या शोधाचे ‘क्रेडिट’ कोणाचे, यावरून संशोधकांत वाद होतो. ह्या चारही ठिकाणी शब्द एकच आहे. अर्थ मात्र एक नाही. किंबहुना पहिल्या दोन उदाहरणांतील अर्थ परस्परविरुद्ध भासतात. पहिल्यात पैसा आला आहे, दुसऱ्यात तो आलेला नाही. मराठीत पहिल्यास ‘जमा’ म्हणतात व दुसऱ्यास ‘उधार’. आणि हे दोन शब्द मराठी माणूस कधीही एकमेकांच्या जागी वापरणार नाही.

एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत पत, जमा, उधार, कर्ज, श्रेय, श्रेयांक असे निदान सहा शब्द वापरले जातात. ही मराठीची समृद्धी मानावी की परिभाषेतील गोंधळ मानावा, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. अर्थशास्त्र, वाणिज्य आणि ग्रामीण पतपुरवठ्याचा इतिहास ह्या विषयांचे मराठीतून अध्यापन व लेखन करणाऱ्यास तो पदोपदी भेटतो. शब्दाची निवड चुकली तर विचाराची दिशाही चुकते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. व्युत्पत्ती व मूलार्थ

‘क्रेडिट’ हा शब्द लॅटिन ‘क्रेदेरे’ ह्या क्रियापदापासून निघाला आहे. ह्या क्रियापदाचा मूळ अर्थ विश्वास ठेवणे असा होय. विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली करणे, आणि त्यावरून पैसा कर्जाऊ देणे, हे त्याचे पुढील अर्थ आहेत. त्याच्या कर्मणि धातुसाधितापासून ‘क्रेदितुम्’ हा शब्द तयार झाला. विश्वासाने दिलेली वस्तू, म्हणजेच कर्ज, असा त्याचा अर्थ. रोमन विधिशास्त्रात ही संज्ञा चांगलीच रुळलेली होती. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने प्रसिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ ह्या संग्रहाच्या बाराव्या ग्रंथाचा आरंभ ‘विश्वासाने दिलेल्या वस्तू’ ह्याच विषयाने होतो. पुढे इटालियन व्यापाऱ्यांच्या व पेढीवाल्यांच्या भाषेतून हा शब्द फ्रेंचमध्ये आला आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत स्थिर झाला. इंग्रजीत त्याच्याबरोबर विश्वास, विश्वासार्हता, नावलौकिक आणि मुदतीने पैसे देण्याची सवलत असे अनेक अर्थ आले.

संस्कृताच्या अभ्यासकास ह्या लॅटिन धातूत एक ओळखीचा चेहरा दिसेल. ‘क्रेदेरे’ आणि संस्कृत ‘श्रद्धा’ हे एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दबंधाचे वंशज आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्रात मान्य झालेले आहे. ‘श्रत्’ आणि ‘धा’ ह्या दोन अवयवांचा तो संयोग होय. त्यांतील ‘धा’ म्हणजे ठेवणे. ‘श्रत्’चा अर्थ वैदिक निघंटूत सत्य असा दिला आहे, पुष्कळ आधुनिक विद्वान त्याचा संबंध हृदयवाचक शब्दाशी जोडतात, जरी त्याविषयी संपूर्ण एकमत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेला उद्देशून एक स्वतंत्र सूक्त आहे. सारांश, एकच प्राचीन शब्दबंध भारतात धर्माच्या क्षेत्रात राहिला आणि रोममध्ये धर्माबरोबर व्यापाराच्या क्षेत्रातही उतरला. मराठीत ‘श्रद्धा’ म्हणजे सावकारी असा अर्थ कोणी करणार नाही. युरोपात मात्र श्रद्धा आणि सावकारी ह्यांचे शब्द एकाच मुळापासून वाढले.

ह्याहून महत्त्वाचा भेद व्याकरणात आहे. लॅटिनमध्ये ‘क्रेदेरे’ ह्या क्रियेचा कर्ता धनको असतो. तो विश्वास ठेवतो, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला तो ऋणको चतुर्थी विभक्तीत येतो. संस्कृतात ऋण असणे ह्या अर्थी ‘धारयति’ हे क्रियापद येते. त्याचा कर्ता ऋणको असतो आणि पाणिनीच्या नियमाप्रमाणे चतुर्थी लागते ती उत्तमर्णाला, म्हणजे धनकोला. मराठीतही ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो’ ह्या वाक्याचा कर्ता ऋणकोच आहे. व्यवहार एकच, परंतु एक भाषा तो देणाऱ्याच्या बाजूने पाहते, दुसरी घेणाऱ्याच्या बाजूने. संस्कृत धर्मशास्त्रातील ‘उत्तमर्ण’ व ‘अधमर्ण’ ह्या जोडीतही धनको वरचा आणि ऋणको खालचा असे स्थान सांगितले आहे, विश्वासाचा त्यात उल्लेख नाही. इंग्रजीतील धनकोवाचक शब्दाचा मूलार्थ मात्र ‘विश्वास ठेवणारा’ असाच आहे. दृष्टिकोनाचा हा भेद पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावयास हवा.

२. जमा आणि नावे

हिशेबाच्या वहीतील ‘क्रेडिट’ हे विद्यार्थ्यांना सर्वांत दुर्बोध वाटते. लुका पाचोली ह्याचा जो गणितग्रंथ १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला, त्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धती प्रथमच छापील रूपात विस्ताराने मांडली गेली. पाचोली हा तिचा जनक नव्हे. ती त्याच्यापूर्वीच इटलीत रूढ होती. ह्या पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी नोंदविला जातो. एक खाते देणे लागते व दुसरे खाते येणे लागते. इंग्रजी खतावणीत खात्याच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या डोक्यावर लिहिली जाणारी दोन अक्षरी चिन्हे ही मुळात ‘ऋणको’ व ‘धनको’ ह्या शब्दांची संक्षिप्त रूपे आहेत. खाते हे जणू एक माणूस आहे आणि त्याच्याशी आपला देण्याघेण्याचा संबंध आहे, अशी कल्पना त्यामागे आहे.

मराठी वहीतील संज्ञा वेगळ्या वाटेने आल्या आहेत. ‘जमा’ हा अरबी मूळचा शब्द असून गोळा होणे असा त्याचा अर्थ आहे. ‘नावे’ म्हणजे अमुक एकाच्या नावावर टाकलेली रक्कम. देशी पद्धतीच्या वहीत जमेची बाजू डावीकडे व नाव्याची उजवीकडे असते; इंग्रजी पद्धतीत नेमके ह्याच्या उलट. त्यामुळे देशी कीर्द-खतावणी शिकलेल्या माणसास इंग्रजी वही आरशात पाहिल्यासारखी दिसते. तथापि तत्त्व एकच आहे. गणपतरावांकडून शंभर रुपये आले तर ते गणपतरावांच्या खात्यावर जमा होतात, कारण तितकी रक्कम आता त्यांना देणे आहे. ‘जमा’ ह्या शब्दाने पैसा तिजोरीत आला एवढेच कळते. ‘क्रेडिट’ ह्या शब्दाने तो कोणाच्या विश्वासावर आला हे कळते. दोन्ही शब्द एकाच नोंदीचे आहेत.

ह्यावरून बँकेच्या संदेशातील भाषेचा उलगडा होतो. खातेदाराने दहा हजार रुपये भरले की बँक त्याचे खाते ‘क्रेडिट’ करते. खातेदार त्याचा अर्थ ‘माझे पैसे वाढले’ असा घेतो. हा परिणाम खरा आहे. परंतु नोंद बँकेच्या वहीतील आहे आणि तिचा अर्थ ‘आम्ही ह्या गृहस्थांचे दहा हजार रुपये देणे लागतो’ असा आहे. विश्वास येथे खातेदाराने बँकेवर टाकला आहे. खातेदाराने स्वतःची वही ठेवली तर त्याच रकमेसाठी तो बँकेच्या खात्यावर ‘नावे’ लिहील, कारण बँक त्याची ऋणको आहे. पुष्कळ विद्यार्थी बँकेच्या पुस्तिकेवरून ‘क्रेडिट म्हणजे वाढ’ असे सूत्र पाठ करतात आणि रोकडीच्या खात्यात ते उलटे पडले की गोंधळतात. सूत्र पाठ करण्याऐवजी ‘विश्वास कोणी कोणावर ठेवला’ हा एक प्रश्न विचारला, तर निदान व्यक्तींच्या खात्यांपुरता हा गोंधळ नाहीसा होतो.

आता आरंभी उल्लेखिलेला विरोधही मावळतो. दुकानदार गिऱ्हाइकास उधारीवर माल देतो तेव्हा विश्वास ठेवणारा दुकानदार असतो. खातेदार बँकेत पैसा ठेवतो तेव्हा विश्वास ठेवणारा खातेदार असतो. दोन्ही ठिकाणी एकाने आज दिले व दुसऱ्याने पुढे परत करण्याचे मान्य केले. इंग्रजी शब्द त्या संबंधाला नाव देतो. मराठीतील ‘जमा’ व ‘उधार’ हे शब्द त्या संबंधाच्या दोन टोकांना नावे देतात. म्हणूनच ते मराठीत विरुद्धार्थी झाले.

३. रोख आणि उधार

‘उधार’ हा शब्द संस्कृत ‘उद्धार’ पासून आलेला आहे. मराठीत त्याच्या शेजारी इतर अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. शेजाऱ्याकडून आणलेली वाटीभर साखर ‘उसनी’ असते. ती तशीच परत करावयाची असते व तिच्यावर व्याज नसते. मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम ‘उचल’ होय. सरकारने शेतकऱ्यास दिलेले कर्ज ‘तगाई’. सावकाराकडून कागद करून घेतलेले ते ‘कर्ज’. ‘उधार’ ही मुख्यतः मालाची असते. ह्या सर्वांना इंग्रजी अर्थशास्त्र एकाच ‘क्रेडिट’ शब्दाने संबोधू शकते. शास्त्रीय विवेचनास ते सोयीचे आहे. परंतु व्यवहारातील नात्यांचा जो भेद मराठी शब्द दाखवितात तो त्यात पुसला जातो.

दुकानात ‘रोख’ आणि ‘उधार’ हे परस्परविरोधी असतात. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी त्याच विरोधावर उभी आहे. बँकेत मात्र ‘कॅश क्रेडिट’ नावाचा कर्जप्रकार आहे, आणि त्याचे शब्दशः भाषांतर ‘रोख उधार’ असे केल्यास वाचकास हसू येईल. हा प्रकार स्कॉटलंडमधील आहे. एडिंबरो येथील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने १७२८ मध्ये तो सुरू केला. बँक व्यापाऱ्यास एक मर्यादा ठरवून देते. त्या मर्यादेपर्यंत तो हवी तेव्हा रोकड उचलतो, हाती आली की भरतो आणि वापरलेल्या रकमेपुरतेच व्याज देतो. येथे ‘क्रेडिट’ म्हणजे उधार नव्हे, तर रोकड उचलण्याचा मान्य केलेला अधिकार होय. भारतात असे कर्ज बहुधा दुकानातील वा कारखान्यातील मालाच्या तारणावर दिले जाते, माल मात्र व्यापाऱ्याच्याच ताब्यात राहतो. सहकारी बँकांच्या मराठीत ह्या तारणास ‘नजरगहाण’ हा समर्पक शब्द आहे. कर्जाच्या कमाल रकमेस ‘पतमर्यादा’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि तेथून आपण ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे येतो.

४. पत : विश्वास की गुण ?

मराठीत ‘पत’ ही माणसाची असते. ती मिळवावी लागते, राखावी लागते, आणि एकदा गेली की सहसा परत येत नाही. ‘बाजारात त्याची पत आहे’ ह्या वाक्यात त्याने कर्ज घेतले आहे असे मुळीच सूचित होत नाही. उलट त्याला कर्जाची गरज नसावी असाच भास होतो. पत हा शब्द अब्रू, लौकिक, शब्दाचा खरेपणा ह्यांच्या कुळातील आहे. इंग्रजी ‘क्रेडिट’ शब्दालाही हा अर्थ आहे, आणि म्हणून ‘पत’ हा त्याचा उत्तम पर्याय ठरला. परंतु इंग्रजी शब्दाचा उगम धनकोच्या विश्वासात आहे, तर मराठी शब्दाचे स्थान ऋणकोच्या ठायी आहे. एक दुसऱ्याने ठेवलेला विश्वास आहे. दुसरा स्वतः कमावलेला गुण.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ‘पत’ हा शब्द घेतल्यावर ह्या भेदाचा परिणाम जाणवू लागला. ‘पतनिर्मिती’, ‘पतनियंत्रण’, ‘पतपुरवठा’, ‘पतपत्र’, ‘पतधोरण’ असे समास रूढ झाले. ह्यांपैकी ‘पतपत्र’ हा शब्द चपखल आहे. बँक आपल्या पतीच्या बळावर परदेशी विक्रेत्यास पैशाची हमी देते, त्या पत्रास तो योग्यच होय. ‘पतनिर्मिती’ हा शब्दही समर्थनीय आहे, कारण व्यापारी बँका कर्ज देताना नव्या ठेवी निर्माण करतात व त्या ठेवी बँकेच्या पतीवरच पैसा म्हणून चालतात. परंतु ‘पतपुरवठा’ ह्या शब्दाचा विचार केला पाहिजे. पत ही बाहेरून पुरविण्याची वस्तू आहे काय? बियाणे पुरविता येते, खत पुरविता येते, कर्ज पुरविता येते. पत पुरविता येते असे म्हटले की, कर्ज मिळाले म्हणजे पत मिळाली असा समज नकळत रुजतो. ‘पतधोरण’ ह्या शब्दाची गती आणखी निराळी झाली. रिझर्व्ह बँकेच्या अधिनियमात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन व्याजदर ठरविण्यासाठी सहा सदस्यांची समिती अस्तित्वात आली. तिचे कार्यक्षेत्र चलनविषयक धोरणाचे आहे, तरी मराठी वृत्तपत्रे तिला ‘पतधोरण समिती’ म्हणतात. शब्द जुन्या काळचा राहिला, आशय बदलला.

५. दख्खनचा शेतकरी आणि पतपुरवठा

पत आणि कर्ज ह्यांच्यातील भेद हा केवळ शब्दच्छल नाही, ह्याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. रयतवारी पद्धतीत शेतकऱ्यास जमिनीवर हस्तांतरणीय हक्क मिळाला आणि दिवाणी न्यायालयांनी कर्जरोख्यांची अंमलबजावणी सुलभ केली. ह्यामुळे जमीन हे तारण झाले. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, कर्जे मात्र उभी राहिली. इंग्रजी अर्थाने शेतकऱ्याचे ‘क्रेडिट’ वाढले होते. मराठी अर्थाने त्याची पत बुडाली होती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा सुरू झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या घरांतील खते, रोखे व हुकूमनामे ह्यांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यात आले. माणसांपेक्षा कागद हे लक्ष्य होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पूर्वीच्या व्यवहारात सावकार व कुळ ह्यांच्यात निदान एकमेकांच्या ओळखीचा आधार होता. आता त्याची जागा न्यायालयात चालणाऱ्या कागदाने घेतली होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने न्यायालयास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी ह्या अधिनियमाखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. १८८३ व १८८४ च्या अधिनियमांनी तगाईची व्यवस्था केली.

ह्यानंतर १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा अधिनियम आला. त्याच्या नावातच ‘क्रेडिट’ हा शब्द होता. जर्मनीतील रायफायझेन ह्यांच्या संस्थांचा आदर्श त्यापुढे होता व ग्रामीण संस्थांच्या सभासदांची जबाबदारी सर्वसाधारणतः अमर्यादित होती. एकेकट्या शेतकऱ्याची पत बाहेरच्या धनकोच्या दृष्टीने नगण्य. परंतु गावातील वीस माणसे एकमेकांना ओळखतात व एकमेकांसाठी उत्तरदायी होतात, तेव्हा त्यांची एकत्रित पत उभी राहते, हे त्यामागील तत्त्व होय. ‘पतपेढी’ हा मराठी शब्द येथे इंग्रजीहून सरस ठरतो. पेढीत येथे केवळ पैसा साठत नाही, सभासदांची पत साठते. १९१२ च्या अधिनियमाने सहकाराचे क्षेत्र कर्जापुरते मर्यादित राहिले नाही, तरी महाराष्ट्रात पतपेढी व ‘सोसायटी’ हे शब्द गावोगाव रुळले.

प्रत्यक्ष फळ मात्र मर्यादित राहिले. रिझर्व्ह बँकेने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. ए. डी. गोरवाला हे तिच्या संचालन समितीचे अध्यक्ष होते व धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकूण कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के व सरकारचा ३.३ टक्के होता; व्यावसायिक व शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के कर्ज पुरवीत होते. पन्नास वर्षे ‘पतपुरवठा’ चालू असून ही स्थिती का, ह्या प्रश्नाच्या उत्तरात समितीने मांडलेला एक विचार शब्दाच्या दृष्टीनेही मूलगामी आहे. कर्ज देताना जमिनीची मालकी पाहून पतवान व्यक्ती शोधण्याऐवजी पतयोग्य प्रयोजन शोधावे. जमिनीच्या तारणावर नव्हे, तर पेरलेल्या पिकाच्या अपेक्षित उत्पन्नावर कर्ज द्यावे, असा तो विचार होता. ह्यातूनच पीककर्जाची पद्धत पुढे आली. तारण म्हणून दाखविण्यास ज्याच्याजवळ काही नाही, परंतु ज्याच्या शेतात पीक उभे आहे, अशा कुळाला ह्या तत्त्वानुसार पत लाभत होती. ‘पत कोणाची?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘माणसाची’ असे न देता ‘कामाची’ असे दिले, तर किती माणसे आतल्या बाजूस येतात, हे ह्यावरून ध्यानात येते. १९८२ मध्ये स्थापन झालेली नाबार्ड ही संस्था आणि १९९८ मध्ये सुरू झालेली किसान क्रेडिट कार्डाची योजना ह्या त्याच मार्गावरील पुढील टप्पे होत. ह्या योजनेच्या नावात मात्र ‘पत’ ऐवजी ‘क्रेडिट’ हा मूळ शब्दच राहिला, आणि शेतकऱ्यांनी तो स्वीकारला.

६. पतीचे मोजमाप

अलीकडच्या काळात पतीला अंक मिळाले आहेत. कंपन्यांच्या रोख्यांचे पतमानांकन करणारी क्रिसिल ही संस्था १९८७ मध्ये, तर व्यक्तींच्या कर्जफेडीची माहिती संकलित करणारी सिबिल ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांच्या नियमनासाठी २००५ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० ह्या दरम्यान असतो आणि कर्ज मागणाऱ्यास तो प्रथम विचारला जातो.

ह्या गुणांकाने पत ह्या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे केले आहेत. ज्याने आयुष्यात कधी कर्ज काढले नाही, दुकानात उधारी ठेवली नाही, दिलेला शब्द मोडला नाही, त्याची पत मराठी अर्थाने सर्वश्रेष्ठ होय. परंतु त्याच्या कर्जाचा इतिहासच नसल्यामुळे पतमाहितीच्या नोंदीत त्याला गुणांकच नसतो. ‘क्रेडिट’चा गुणांक हा चारित्र्याचा नव्हे, तर घेतलेल्या कर्जाच्या फेडीचा असतो. त्याला ‘पतगुणांक’ म्हटले म्हणजे अल्प गुणांक असलेल्या माणसाच्या अब्रूवरच जणू निकाल दिल्यासारखा होतो, आणि गुणांक नसलेल्यास पत नाही असा अर्थ निघतो. ‘कर्जफेड गुणांक’ हा शब्द कमी आकर्षक असला तरी अधिक सत्य आहे. गावात भिशी चालविणारी स्त्री बाराही महिने वेळेवर हप्ता भरते; शेजारणींना तिची पत ठाऊक असते, यंत्राला ती ठाऊक नसते. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा उपक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. शेजारणींना ठाऊक असलेली पत बँकेच्या वहीत आणण्याचा तो एक प्रयत्न होता.

७. श्रेय, श्रेयांक व इतर उपयोग

व्यापाराबाहेरील अर्थाला मराठीने ‘श्रेय’ हा शब्द दिला आहे. संस्कृतात ‘श्रेयस्’ म्हणजे अधिक चांगले, कल्याणकारक. कठोपनिषदात त्याचा ‘प्रेयस्’शी विरोध दाखविला आहे. जे सुखकर ते प्रेय व जे हितकर ते श्रेय. आधुनिक मराठीत श्रेय ही घेण्याची, देण्याची व लाटण्याची वस्तू झाली. एकेकाळी ज्याच्यासाठी प्रियाचा त्याग करावयाचा, त्याच्यासाठी आज वृत्तपत्रांत ‘श्रेयवाद’ रंगतो. हा अर्थबदल ‘क्रेडिट’ शब्दाच्या सावलीत झालेला दिसतो.

‘श्रेय’ला ‘अंक’ जोडून विद्यापीठांनी ‘श्रेयांक’ हा शब्द तयार केला. अमेरिकन विद्यापीठांत ऐच्छिक विषयांची पद्धत रूढ झाल्यावर निरनिराळ्या विषयांच्या अभ्यासाचे समान माप आवश्यक झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी संस्थांची पात्रता ठरविताना अध्यापनाच्या तासांचे माप लावले, त्यामुळे ह्या पद्धतीस स्थैर्य आले. भारतात २०२१ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठविणारी राष्ट्रीय ‘पेढी’ स्थापन झाली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १२०० अध्ययन-तास म्हणजे ४० श्रेयांक असे प्रमाण आहे. साठविणे, हस्तांतरित करणे व वटविणे ही ह्या व्यवस्थेची सर्व भाषा बँकेची आहे. त्यामुळे अर्थाच्या दृष्टीने येथील ‘क्रेडिट’ हे ‘श्रेया’पेक्षा ‘जमे’च्या अधिक जवळचे आहे. विद्यार्थ्याच्या खात्यावर अभ्यासाचे तास जमा होतात. त्यात गौरवाचा अंश थोडा. तथापि ‘श्रेयांक’ हा शब्द आता सर्वत्र रूढ झाला असून तो बदलण्याचे कारण नाही. अर्थ सांगताना मात्र ही जाणीव ठेवावी.

अन्य दोन उपयोगांचा उल्लेख पुरेसा आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वळता होतो. तेथे ‘क्रेडिट’चा अर्थ वजावट असा आहे. कार्बन क्रेडिटच्या व्यवहारात एक एकक म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे उत्सर्जन टाळल्याचे वा घटविल्याचे प्रमाणपत्र होय. १९९७ च्या क्योटो करारातून ही कल्पना आंतरराष्ट्रीय व्यवहारात आली व भारत सरकारने २०२३ मध्ये आपली स्वतंत्र योजना अधिसूचित केली. येथे जमा करणाऱ्याने काही दिलेले नसून काही न केल्याचा हिशेब ठेवला आहे. तो हिशेब खरा की खोटा हे विकत घेणाऱ्यास स्वतः तपासता येत नाही. म्हणून शब्दाचा मूळचा ‘विश्वास’ हा अर्थ येथे पुन्हा निकडीचा होतो.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. हिशेबाच्या नोंदीस ‘जमा’, मालाच्या मुदतीच्या विक्रीस ‘उधार’, दिलेल्या पैशास ‘कर्ज’ व कर्तृत्वाच्या मान्यतेस ‘श्रेय’ हे शब्द निःसंदिग्ध आहेत आणि त्यांच्या जागी ‘पत’ वा ‘क्रेडिट’ आणण्याचे कारण नाही. ‘पत’ हा शब्द विश्वासार्हतेसाठी राखून ठेवावा. ‘पतपुरवठा’सारखे रूढ समास टाकून देणे आता शक्य नाही, परंतु लिहिणाऱ्याने आपल्याला कर्जाची रक्कम अभिप्रेत आहे की कर्ज मिळविण्याची पात्रता, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे. ग्रामीण पतपुरवठा वाढला असे म्हणताना शेतकऱ्यांवरील कर्ज वाढले एवढेच म्हणावयाचे आहे काय, हा प्रश्न संशोधकाने स्वतःस विचारला पाहिजे. कारण १८६५ नंतर दख्खनमध्ये ह्या दोन गोष्टींची गफलत काय करू शकते हे दिसून आले आहे.

एक इंग्रजी शब्द मराठीत सहा शब्दांत विभागला गेला, ह्यात मराठीचे न्यून नाही. इंग्रजी शब्द सांगतो की ह्या सर्व व्यवहारांच्या मुळाशी एकाचा दुसऱ्यावरील विश्वास आहे. मराठी शब्द सांगतात की त्या विश्वासात कोण कोणत्या बाजूला उभा आहे. अभ्यासकास ह्या दोन्ही गोष्टी कळणे आवश्यक आहे.